बॅण्डमधला पाहुणा : सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन

२०२६ हे अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांचे जन्मशताब्दी वर्ष. कोल्हापुरातल्या आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. मार्टिन ल्यूथर किंग आपल्याला माहीत आहेत, माल्कम एक्स माहीत आहेत. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात सांगितले जाते. पण त्या लढ्याचे संगीत कोणते होते, ते कोणी वाजवले आणि वाजवणाऱ्याला समाजाने कुठे उभे केले, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या घरचाही आहे. हलगी, घुमकं, कैताळ, सनई, बॅण्ड, बेंजो ही सगळी वाद्ये ज्यांनी पिढ्यानपिढ्या वाजवली त्यांना लग्नाच्या मांडवात जेवायला शेवटी बसवले गेले. त्यांच्या तालावर गाव नाचले आणि त्यांची सावली मात्र गावाला चालली नाही. म्हणून एका काळ्या वादकाचे आयुष्य आज आपल्या वाचकांसमोर ठेवत आहोत.

आधी दोन गोष्टी समजून घेऊ. सॅक्सोफोन हे वाद्य अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने तयार केले आणि १८४६ साली त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे, पण तोंडाशी बोरूची पातळ पट्टी असते. त्यामुळे त्याचा आवाज माणसाच्या गळ्याच्या जवळ जातो. सुरुवातीला ते लष्करी बॅण्डमध्ये वाजत असे. दुसरी गोष्ट जॅझची. गुलामगिरीतून आलेल्या काळ्या समाजाने अमेरिकेच्या दक्षिणेत, मुख्यतः न्यू ऑर्लीन्स शहरात, हे संगीत घडवले. यात आधी सगळा वाद्यवृंद मिळून एक ठरलेली धून वाजवतो. मग एकेक वादक पुढे येतो आणि त्या धुनीच्या आधारावर तिथल्या तिथे सुचेल ते वाजवतो. कोल्हापूरच्या माणसाला हे अवघड जाऊ नये. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आपल्या दरबारात आणले. त्यांच्या गाण्यात बंदिश ठरलेली आणि बढत गायकाची असे. जॅझमधली बढत वादकाची असते, एवढा फरक धरून चालू.

हॅम्लेट ते फिलाडेल्फिया

जॉनचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या हॅम्लेट या छोट्या गावी झाला. त्यानंतर काही महिन्यांतच कुटुंब त्याच राज्यातल्या हाय पॉइंट या गावी राहायला गेले. वडील शिंपीकाम करत आणि फावल्या वेळात तंतुवाद्ये वाजवत. दोन्ही आजोबा काळ्यांच्या स्वतंत्र चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. घर गरीब असले तरी शिकलेले होते. आईचे वडील, म्हणजे रेव्हरंड विल्यम ब्लेअर, आपल्या समाजात वजन असलेले गृहस्थ होते.

त्या काळातले हाय पॉइंट म्हणजे दोन गावे होती. गोऱ्यांची शाळा वेगळी, काळ्यांची वेगळी. पाण्याचे नळ, बसमधल्या जागा, हॉटेलातली टेबले सगळे वेगळे. महारवाडा-मांगवाडा वेशीबाहेर असलेल्या गावात ज्यांचे आजोबा वाढले त्यांना याचे वर्णन करून सांगायची गरज नाही.

जॉन बारा वर्षांचा असताना काही महिन्यांच्या अंतरात घरातली मोठी माणसे गेली. १९३८ च्या डिसेंबरात आजोबा वारले, लगेच जानेवारीत वडील गेले आणि पाठोपाठ आजीही गेली. घराचा आधार गेला आणि आईला परक्यांच्या घरी राबायला जावे लागले. नेमक्या याच काळात गावातल्या काळ्या मुलांसाठी एका धर्मोपदेशकाने बॅण्ड सुरू केला. जॉन तिथे आधी आल्टो हॉर्न आणि मग क्लॅरिनेट शिकला. सॅक्सोफोन हाती आला तो नंतर आणि तोही उसना. विल्यम पेन या काळ्यांच्या शाळेत बॅण्ड निघाला तेव्हा तो त्यात होता. घरात रिकाम्या झालेल्या जागा त्या मुलाने वाद्याने भरल्या, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

याच विल्यम पेन शाळेची आणखी एक आठवण कार्यकर्त्यांनी नोंदवून ठेवावी. ११ फेब्रुवारी १९६० रोजी तिथल्या विद्यार्थ्यांनी हाय पॉइंटच्या वूलवर्थ दुकानातल्या गोऱ्यांसाठी राखीव जेवणाच्या काउंटरवर जाऊन ठिय्या दिला. त्याच महिन्यात जवळच्या ग्रीन्सबरोमध्ये कॉलेजच्या मुलांनी असा सत्याग्रह सुरू केला होता. हाय पॉइंटमध्ये तो शाळकरी मुलांनी केला. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्यांचे वारस आपण आहोत. काउंटरवर बसण्याचा अर्थ आपल्याला कळतो.

१९४३ साली शाळा संपवून जॉन फिलाडेल्फियाला गेला. दक्षिणेतून उत्तरेकडच्या कारखान्यांत पोट भरायला निघालेल्या लाखो काळ्या माणसांपैकी तो एक होता. खेडे सोडून मुंबईच्या गिरण्यांत आलेली आपली माणसे आठवा. त्याने साखरेच्या कारखान्यात काम केले आणि ऑर्नस्टाइन संगीत शाळेत नाव घातले. त्याच सुमारास आईने त्याला स्वतःचा सॅक्सोफोन घेऊन दिला. मोलकरणीच्या कमाईतला तो सॅक्सोफोन होता.

नौदलातला पाहुणा

६ ऑगस्ट १९४५ रोजी, हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला त्याच दिवशी, कोल्ट्रेन अमेरिकेच्या नौदलात दाखल झाले. त्यांना हवाई बेटांवर पर्ल हार्बरजवळ पाठवण्यात आले. तिथे काळ्या सैनिकांची वेगळी छावणी होती. लोकशाहीसाठी महायुद्ध लढलेल्या देशाच्या फौजेत रंगाप्रमाणे बराकी वाटलेल्या होत्या.

तळावर मेलडी मास्टर्स नावाचा एक वाद्यवृंद होता आणि त्यात सगळे गोरे होते. त्या वादकांना कोल्ट्रेन यांचे वाजवणे आवडले. त्यांना तो माणूस बॅण्डमध्ये हवा होता, पण नियम आडवा येत होता. म्हणून एक पळवाट काढण्यात आली. कोल्ट्रेन बॅण्डचे सदस्य नव्हेत, ते पाहुणे कलाकार आहेत, असे दाखवायचे ठरले. वरिष्ठांच्या नजरेत येऊ नये एवढाच त्यामागे हेतू होता. संध्याकाळी हा पाहुणा मंचावर सॅक्सोफोन वाजवायचा. एरवी त्याच्या वाट्याला स्वयंपाकघरातले काम आणि पहारा असे. सेवेच्या शेवटी शेवटी तर त्या बॅण्डची सूत्रे बऱ्याच अंशी त्यांच्याकडे आली होती. १३ जुलै १९४६ रोजी नौदलातल्या काही सोबत्यांबरोबर त्यांनी पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केले. तरीही कागदावर ते पाहुणेच राहिले. अमेरिकी सैन्यातली वर्णभेदाची पद्धत मोडण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तो त्यानंतर दोन वर्षांनी, १९४८ साली.

समाजशास्त्राच्या वर्गात आपण बहिष्काराच्या व्याख्या पाठ करतो. दाराबाहेर ठेवणे हा बहिष्काराचा उघड प्रकार झाला. दुसरा प्रकार सभ्य असतो. त्यात गुण वापरून घेतले जातात, टाळ्याही मिळतात, फक्त घरात नाव लागत नाही. मंदिराच्या उत्सवात वाजवायला बोलावलेला आणि गाभाऱ्याच्या पायरीवर थांबवलेला वाजंत्री हा याच प्रकारचा पाहुणा असतो.

बॉटली, सुई आणि रियाज

१९४६ साली नौदलातून सुटल्यावर कोल्ट्रेन फिलाडेल्फियाला परतले. युद्धातून आलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी मदत मिळत होती. तिच्या आधारे त्यांनी ग्रॅनॉफ स्टुडिओज या संस्थेत संगीताचे पुढचे शिक्षण घेतले. शिष्यवृत्ती माणसाला कुठे नेऊ शकते याचे हे उदाहरण आहे. शाहू महाराजांची वसतिगृहे ज्या शहरात उभी राहिली तिथे हे वेगळे सांगायला नको.

पोटासाठी मात्र ते दारूच्या गुत्त्यांत वाजवत. बारच्या फळीवर चढून, ग्राहकांच्या पेल्यांमधून चालत सॅक्सोफोन फुंकायचा, अशी तिथली रीत होती. मनाला न पटणारे काम, रात्रीची जागरणे आणि सभोवतालचे वातावरण यातून दारू लागली आणि पुढे हेरॉइनही. डिझी गिलेस्पी, जॉनी हॉजेस अशा नामवंतांच्या वाद्यवृंदांत त्यांना काम मिळाले, पण नशेमुळे ते टिकेना. १९५५ साली माइल्स डेव्हिस यांनी त्यांना आपल्या संचात घेतले. मंचावर झिंगलेला वादक किती दिवस चालवून घेणार? १९५७ च्या वसंतात डेव्हिस यांनी त्यांना काढून टाकले. तेव्हा कोल्ट्रेन तीस वर्षांचे होते.

ते फिलाडेल्फियातल्या आपल्या घरी आले. नॉर्थ थर्टी-थर्ड स्ट्रीटवरचे हे घर त्यांनी १९५२ साली घेतले होते. तिथे त्यांनी स्वतःला जवळपास कोंडून घेतले आणि दारू व हेरॉइन दोन्ही एकदम सोडले. आई आणि पत्नी नाइमा यांनी त्या दिवसांत त्यांना सांभाळले. कोणत्याही व्यसनमुक्ती केंद्राची मदत नव्हती. असे एकट्याने सोडणे धोक्याचे असते. आज कुणावर ती वेळ आली तर डॉक्टरांची मदत जरूर घ्यावी, हे एक सामाजिक कार्यकर्ते म्हणून आम्ही इथे आवर्जून सांगतो. पण निश्चयाची ताकद काय असते ते या प्रसंगात दिसते. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. त्याचा अर्थ असा आहे की मन बधिर झाले की उरलेली चार शीलेही हातातून सुटतात. कोल्ट्रेन यांनी पंचशील घेतलेले नव्हते. पण नशा सोडल्यावर त्यांच्या वाजवण्याला जी धार आली ती त्या वर्षापासूनच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात ऐकू येते.

आपल्याकडे वाजवणाऱ्याला सुपारीच्या पैशांबरोबर बाटली देण्याची पद्धत अजून गेलेली नाही. देणाऱ्याला तो मान वाटतो. कितीतरी उत्तम हलगीवादक आणि बॅण्डवाले या मानापायी चाळिशीतच संपले, हे वस्त्यांमधून काम करणाऱ्या कुणालाही विचारा. कलावंताला नशा लागतेच, हा समज ज्यांनी पसरवला त्यांनी गरीब कलावंतांची घरे मोडली. कोल्ट्रेन यांची खरी कामगिरी नशा सुटल्यानंतरच्या दहा वर्षांत झाली, एवढी गोष्ट त्या समजाला उत्तर म्हणून पुरेशी आहे.

नशेची जागा रियाजाने घेतली. कोल्ट्रेन तासन्‌तास सराव करत. रात्री शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून फुंकर न घालता नुसती बोटे चालवत. सुरावटींची जाडजूड पुस्तके घेऊन ती पिंजून काढत, अगदी हार्पसाठी लिहिलेले धडेही सॅक्सोफोनवर उतरवत. १९५७ च्या उत्तरार्धात ते पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या संचात वाजवू लागले. १९५८ साली माइल्स डेव्हिस यांनी त्यांना परत बोलावले. १९५९ साली डेव्हिस यांच्या काइंड ऑफ ब्लू या ध्वनिमुद्रिकेत त्यांचा सॅक्सोफोन आहे. त्याच वर्षी त्यांनी स्वतःची जायंट स्टेप्स ही ध्वनिमुद्रिका तयार केली. तिच्यातली एक रचना त्यांची मावसबहीण मेरी हिच्या नावाने आहे आणि एक पत्नी नाइमाच्या नावाने. १९६० साली त्यांनी स्वतःचा चौघांचा संच उभा केला. त्यात पियानोवर मॅकॉय टायनर आणि ड्रमवर एल्विन जोन्स होते. पुढे बासवर जिमी गॅरिसन आले.

शब्दांवाचून

१५ सप्टेंबर १९६३ रोजी, रविवारी सकाळी, अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहरात काळ्यांच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्बस्फोट झाला. तो गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी घडवला होता. त्यात अॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन आणि डेनिस मॅकनेअर या चार मुली मारल्या गेल्या. तिघी चौदा वर्षांच्या आणि डेनिस अकराची. हे चर्च नागरी हक्कांच्या चळवळीचे केंद्र होते, म्हणूनच ते निवडले गेले.

त्यानंतर दोन महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, कोल्ट्रेन यांनी अलाबामा ही रचना ध्वनिमुद्रित केली. तिला शब्द नाहीत. पियानोच्या खर्जातल्या घरघरीवर सॅक्सोफोन हळूहळू बोलू लागतो, जणू मयताच्या घरी कुणीतरी दबक्या आवाजात काही सांगत आहे. जेमतेम पाच मिनिटांची ही रचना आहे. तिच्यात घोषणा नाही, आक्रोशही नाही. शेवटाकडे ड्रम उसळतो आणि रचना थांबते. खैरलांजीनंतर आपण मोर्चे काढले, निवेदने दिली, कविता लिहिल्या. हे सगळे आवश्यक होते. तरी शोक करण्यासाठीही समाजाला काही साधन लागते. ते ज्यांच्याकडे नसते त्यांचा शोक आतच राहतो आणि कुजतो, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे.

कोल्ट्रेन भाषणे करणारे नव्हते. मितभाषी म्हणून त्यांची ख्याती होती. पण त्यांचे डोळे उघडे होते. माल्कम एक्स यांचे भाषण त्यांनी ऐकले होते. मार्च १९६५ मध्ये न्यूयॉर्कला ब्लॅक आर्ट्स रेपर्टरी थिएटर या काळ्यांच्या सांस्कृतिक संस्थेसाठी झालेल्या मदत-कार्यक्रमात ते वाजवायला गेले. आफ्रिकेचे संगीत त्यांनी अभ्यासले आणि भारतीय संगीतही. एकच स्वरसमूह घेऊन त्यात दीर्घकाळ राहायचे, ही रागाची रीत त्यांना भावली. नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये त्यांनी इंडिया नावाची रचना वाजवली. पंडित रविशंकर यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी रवी ठेवले. रविशंकर यांच्याकडे रीतसर शिकायचे त्यांच्या मनात होते. ते राहून गेले.

९ डिसेंबर १९६४ रोजी एका संध्याकाळच्या बैठकीत त्यांनी अ लव्ह सुप्रीम ही ध्वनिमुद्रिका पूर्ण केली. तिच्या शेवटच्या भागात त्यांनी स्वतः लिहिलेली प्रार्थना आहे. ती ते गात नाहीत. तिच्या शब्दांच्या चालीने सॅक्सोफोन वाजवतात. ही प्रार्थना ईश्वराला उद्देशून आहे. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे, आपल्याला ईश्वर मान्य नाही. म्हणून त्यांच्या श्रद्धेवर आम्ही बुद्धाचे नाव चिकटवणार नाही. एखादा माणूस मोठा वाटला की तो आतून आपलाच होता असे सिद्ध करत बसण्याची सवय आपण सोडली पाहिजे. त्यांची वाट त्यांची होती. आपण घ्यायचे ते त्यांचे कष्ट आणि स्वतःला घडवण्याचा ध्यास.

जुलै १९६६ मध्ये ते जपानच्या दौऱ्यावर गेले. नागासाकीला पोचल्यावर अणुबॉम्बमध्ये बळी पडलेल्यांच्या स्मारकासमोर उभे राहून त्यांनी प्रार्थना केली. हिरोशिमाच्या दिवशी नौदलात भरती झालेला हा सैनिक एकवीस वर्षांनी तिथे हात जोडून उभा होता.

विद्यापीठाच्या मंचावर

आज अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कॉलेजांत जॅझचा वाद्यवृंद असतो. वर्षातून एकदा-दोनदा एखाद्या नामवंत सॅक्सोफोनवादकाला बोलावले जाते. मुले साथ करतात, पाहुणा एकल वाजवतो आणि सभागृह भरून जाते. हे चित्र सुंदर आहे. पण त्यामागचा इतिहासही पाहावा. १९४७ साली टेक्सास राज्यातल्या नॉर्थ टेक्सास या कॉलेजाने या संगीताचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. जॅझ या नावाला प्रतिष्ठा नव्हती म्हणून त्याला डान्स बॅण्ड असे नाव दिले गेले. आणि ज्या समाजाने हे संगीत घडवले त्या समाजाच्या मुलांना त्या वेळी त्या कॉलेजात प्रवेश नव्हता. तो मिळायला १९५० च्या दशकाचा मध्य उजाडला. कला उचलायची आणि कलावंताला दाराबाहेर ठेवायचे, ही रीत फक्त आपल्याच देशात आहे असे नाही.

या पार्श्वभूमीवर ११ नोव्हेंबर १९६६ ची रात्र पाहू. फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात, मिटन हॉलमध्ये, कोल्ट्रेन यांचा कार्यक्रम होता. हे विद्यापीठ शहराच्या उत्तर भागात, काळ्यांच्या वस्तीला लागून आहे. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथेच जवळ कोलंबिया अॅव्हेन्यूवर पोलिसांविरुद्धच्या रागातून मोठी दंगल उसळली होती. थर्टी-थर्ड स्ट्रीटवरचे घर तिथून फार लांब नव्हते. नशा जिथे सोडली त्या परिसरात कोल्ट्रेन जगप्रसिद्ध होऊन परतले होते. सोबत पत्नी अॅलिस पियानोवर, फॅरो सँडर्स दुसऱ्या सॅक्सोफोनवर आणि रशीद अली ड्रमवर होते.

विद्यापीठाच्या मंचावर आलेला जगप्रसिद्ध पाहुणा काय करतो? आपला ठरलेला कार्यक्रम करतो, हारतुरे घेतो आणि जातो. कोल्ट्रेन यांनी मंच खुला केला. शहरातले अनेक तालवादक आपापली वाद्ये घेऊन त्यांच्यासोबत बसले. दोन तरुण आल्टो सॅक्सोफोनवादक पुढे आले. त्यांचे नाव कुणाला ठाऊक नव्हते आणि त्यातला एक तर कॉलेजात शिकणारा होता. कोल्ट्रेन यांनी त्यांना पुरेसा वेळ एकल वाजवू दिले आणि स्वतः बाजूला राहिले. मधे एकदा त्यांनी सॅक्सोफोन खाली घेतला आणि छातीवर हात आपटत तोंडाने सूर लावला. जॅझच्या जाणकारांनाही हे झेपले नाही. सभागृह मुळातच अर्धेमुर्धे भरले होते, त्यातूनही काही लोक उठून गेले. आयोजकांना तोटा झाला.

हे वाजवणे आजही सर्वांना आवडेल असे नाही. आम्हालाही पहिल्यांदा ऐकताना तो गोंधळ वाटला. पण विद्यापीठाच्या रेडिओने ते ध्वनिमुद्रित करून ठेवले होते आणि २०१४ साली, कोल्ट्रेन यांच्या जन्मदिनी, ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले. त्यात त्या अनोळखी मुलांचे वाजवणे कायमचे नोंदले गेले आहे.

वीस वर्षांपूर्वी हवाईच्या तळावर कोल्ट्रेन यांना पाहुणा म्हणून उभे केले गेले, कारण त्यांना आपले म्हणायची हिंमत कुणात नव्हती. टेम्पलच्या मंचावर ते पुन्हा पाहुणे होते, पण आता मंच कुणाला द्यायचा हे त्यांच्या हातात होते. त्यांनी तो ज्यांना कुणी बोलावले नव्हते त्यांना दिला. पाहुणा या शब्दाचा अपमान ज्याने सोसला त्याने त्या शब्दाला असा मान मिळवून दिला.

तेव्हा त्यांची प्रकृती ढासळू लागली होती. २३ एप्रिल १९६७ रोजी त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, एकशे पंचविसाव्या रस्त्यावरच्या ओलाटुंजी केंद्रात वाजवले. आफ्रिकन संस्कृती शिकवणारे हे केंद्र नायजेरियन तालवादक बाबाटुंडे ओलाटुंजी यांनी उभे केले होते. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढे तीनच महिन्यांत, १७ जुलै १९६७ रोजी, यकृताच्या कर्करोगाने कोल्ट्रेन यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. २००७ साली पुलित्झर पुरस्कार समितीने त्यांचा मरणोत्तर विशेष गौरव केला.

आपल्या मंचावर कोण?

आता आपल्याकडे वळू. बिंदू चौकात १९५० साली, बाबासाहेब हयात असतानाच, त्यांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा उभा राहिला. त्या चौकाचा आपल्याला अभिमान आहे. पण जयंतीच्या मिरवणुकीत तिथे काय वाजते? भाड्याने आणलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून छातीत धडकी भरवणारा आवाज. वर्गणीचा मोठा वाटा त्यात जातो. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले दारे-खिडक्या लावून बसतात. आणि शेजारच्या गल्लीतला हलगीवाला त्या दिवशी घरी रिकामा बसलेला असतो.

याला एक इतिहास आहे आणि तो नाकारता येणार नाही. धर्मांतराच्या काळात आपल्या माणसांनी अनेक गावांत गावकीची कामे सोडली, त्यात वाजवणेही सोडले. ते योग्यच होते. जन्माने लादलेले, बिनमानाचे आणि दुसऱ्याच्या देवासमोर वाजवणे नाकारणे हा स्वाभिमान होता. पण वाद्य नाकारणे आणि वाद्यावर लादलेली गुलामी नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला, वामनदादांनी गावोगावी भीमगीते पोचवली. त्यांनी तीच कला आपल्या मालकीची केली. कोल्ट्रेन यांच्या समाजाने नेमके हेच केले. ज्या बॅण्डच्या वाद्यांवर लष्कराची कवायत चाले त्यांतून त्यांनी स्वतःचा आवाज काढला.

आणखी एक गोष्ट कडू आहे, पण बोलली पाहिजे. हलगी बहुतांशी मातंग बांधवांच्या हातात राहिली. आपल्या कार्यक्रमांत आपण त्यांना वाजवायला बोलावतो. व्यासपीठावर किती वेळा बसवतो? पत्रिकेत वक्त्यांची नावे पदव्यांसह छापतो आणि वादकांचे मात्र नुसते पथक असते. तेही आपले पाहुणेच ठरतात, मेलडी मास्टर्सच्या अर्थाने. जातीच्या उतरंडीत प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी सापडते, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले आहे. ते वाक्य पाठ असणे पुरेसे नाही.

म्हणून आमचे तरुण मित्रांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना काही सुचवणे आहे. यंदा जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग मुलांना वाद्ये शिकवण्यासाठी बाजूला काढा. बुद्धविहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी हलगी, ढोलकी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन जे शिकवणारे मिळतील ते शिकवा. हाय पॉइंटच्या त्या धर्मोपदेशकाकडेही यापेक्षा जास्त काही नव्हते. बॅण्ड पथकातल्या जुन्या जाणत्या वादकांना शिकवायला बोलावा आणि त्याचे मानधन द्या. वादकांची नावे पत्रिकेत छापा. सुपारीबरोबर बाटली देणे आपल्या मंडळापुरते तरी बंद करा. शिवाजी विद्यापीठात आणि आपल्या कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांनी युवा महोत्सवासाठी संच बसवताना वस्तीतल्या एका वादकाला सोबत घ्यावे, पाहुणा म्हणून नव्हे तर गुरू म्हणून.

आणि एखाद्या रात्री मोबाइलवर अलाबामा ही रचना ऐका. पाच मिनिटे लागतील. पहिल्यांदा काही कळणार नाही कदाचित. त्या चार मुलींची नावे मनात ठेवून पुन्हा ऐका.

जय भीम.